नऊ दिवस टपावर डबा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. किती जुनी, तर ज्या दोन भावंडांना मी पहिल्यांदा शाळेत सोडले, ती दोघेही आता पेन्शन घेतात. माझा रंग फिका निळा, पाठ लांब आणि आवाज जरा घोगरा आहे. माझ्या गाद्यांतला मधाचा वास या जन्मी तरी जायचा नाही. गेल्या महिन्यात नऊ दिवस माझ्या टपावर तेलाचा एक रिकामा डबा उभा होता. त्या नऊ दिवसांत मला जे हादरे बसले, तसे आमच्या कच्च्या रस्त्यांनी पन्नास वर्षांतही दिले नव्हते.

आमच्या अर्जेंटिनात गाडीच्या टपावर डबा ठेवला की ती विकायची आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळते. पाटी लावावी लागत नाही की कोणाला सांगावे लागत नाही. मी रस्त्याने जाताना असे डबे दुसऱ्यांच्या डोक्यावर पुष्कळ पाहिले होते. बिचारी, असे म्हणून पुढे जात होते. आपल्या डोक्यावर कधी डबा येईल असे कोणत्याच गाडीला वाटत नाही.

माझा जन्म कोर्दोबाच्या कारखान्यातला. माझे डावीकडचे मागचे दार काही केल्या बसेना, तेव्हा एका कामगाराने कडीपाशी तळहाताने दोन चापट्या मारल्या. दार बसले आणि तो जेवायला निघून गेला. तेव्हापासून ते दार दोन चापट्यांनीच लागते. आपटले तर मुळीच लागत नाही. घरच्यांना हे पाठ आहे. बाहेरच्यांना सांगायची कधी वेळच आली नाही.

नोगोया गावच्या सेलेस्तिनो सागार्ना यांनी मला घेतले. ते मधमाश्या पाळत. निलगिरी फुलली की तिकडे, संत्री फुलली की इकडे, अशा मधपेट्या वाहून नेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. एकदा वाटेत एका पेटीचे झाकण सरकले आणि सगळ्या माश्या माझ्या पोटात मोकळ्या झाल्या. सेलेस्तिनोंनी खिडकीबाहेर डोके काढून अकरा किलोमीटर गाडी हाकली, पण मला रस्त्यात सोडले नाही. पुढे गावच्या मध महोत्सवात माझ्या आरशांना फिती बांधून मला मिरवणुकीत सगळ्यांत पुढे ठेवले होते. मी फुगले होते, हे कबूल करते.

मग सेलेस्तिनो गेले. जाताना त्यांनी वाटणी केली ती एका वाक्यात. "गाडी लुकड्याची, पैसे देल्मीचे." लुकड्या म्हणजे मुलगा ओविदियो. देल्मी म्हणजे देल्मीरा, त्याच्याहून एका वर्षाने मोठी. त्यानंतर दोन वर्षे मी छपराखाली धूळ खात पडले आणि माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेवटी ओविदियोने कोंबड्यांना हाकलून मला पुन्हा चालती केली. देल्मीरा तेव्हा म्हणाली होती, "निदान कोंबड्या तरी काही देत होत्या."

देल्मीराने लग्न केले नाही आणि ओविदियोचे टिकले नाही. दोघे बापाच्याच घरात राहतात, बापाच्याच माश्या पाळतात आणि सकाळपासून एकमेकांना टोचतात. तो विसराळू, ती हुशार, हे त्या घरात चाळीस वर्षे ठरलेले आहे. तो किल्ल्या हरवतो आणि ती शोधून देते. शोधून देताना ती जे बोलते त्यापेक्षा किल्ली हरवलेली बरी, असे तोच म्हणतो.

त्यांना बँकेने एक क्रेडिट कार्ड दिले होते. पेट्रोल आणि बरण्यांची झाकणे, एवढ्यापुरतेच ते वापरत. ते कार्ड देल्मीराने खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत घालून माझ्या समोरच्या कप्प्यात ठेवले होते. "घरात चोर शिरेल, पण या डबड्यात कोण हात घालणार," असे ती म्हणाली. डबडे हा शब्द मला लागला, तरी एवढा विश्वास टाकल्याचा अभिमानही वाटला. त्या विश्वासाचे पुढे काय झाले तेच आता सांगते.

तो गुरुवार होता. ओविदियो झाकणे आणायला दुकानात गेला होता आणि देल्मीरा पुढच्या सीटवर माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पीत बसली होती. हातात पेल्यासारखा पोकळ भोपळा, गुडघ्यांत गरम पाण्याचा थर्मास, अशी ती कुठेही तासभर बसू शकते. दोघांत मिळून असलेला मोबाइल वाजला. तिला ऐकू कमी येते म्हणून ती तो मोठ्या आवाजावर लावते, त्यामुळे मी शब्द न् शब्द ऐकला.

"देल्मीराबाई ना? मी बँकेच्या सुरक्षा विभागातून फाकुंदो बोलतोय. घाबरू नका हं. रोसारियोला कोणीतरी आत्ता, या क्षणी तुमचं कार्ड वापरतंय."

भोपळ्यातले गरम पाणी माझ्या गादीवर सांडले.

"कार्ड तर इथे आहे," देल्मीरा म्हणाली. "माझ्यासमोर."

"तेच तर. कार्ड तुमच्याकडे आणि नंबर त्याच्याकडे. आपण दोघं मिळून त्याला थांबवू. आकडे वाचता का जरा? सावकाश वाचा, मी आहे. माझी आजीपण नोगोयाचीच होती."

तिने कप्पा उघडला, डबी उघडली आणि पुढचे आकडे वाचले. मग पाठीमागचे तीन वाचले. मग मोबाइलवर एक कोड आला, तोही वाचला. मित्रांनो, मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्या कोणी दाबावा लागतो.

"शाबास," तो म्हणाला. "आता थोडे दिवस कार्ड वापरू नका आणि घरात कोणाला सांगूही नका. बातमी फुटली तर तो पळेल."

"घरात सांगते कशाला. माझ्या भावाला कळलं म्हणजे गावाला कळलं."

"तुमच्यासारखी हुशार माणसं फार कमी भेटतात, बाई."

देल्मीरा खुलली. एवढी खुललेली मी तिला महोत्सवातसुद्धा पाहिली नव्हती. झाकणांच्या जुन्या बिलाच्या पाठीवर तिने लिहून घेतले: फाकुंदो, सुरक्षा विभाग, गुरुवार सव्वाअकरा. खाली त्याचा नंबर, आणि त्याच्याही खाली: मध पाठवणे, एक किलो. तो कागद तिने कार्डाखाली डबीत ठेवला.

ओविदियो झाकणे घेऊन आला.

"चेहरा का असा?"

"कसा?"

"बक्षीस लागल्यासारखा."

"झाकणं मोजून घेतलीस?"

"घेतली."

"म्हणजे नाही घेतलीस."

तिने मोजली. सहा कमी निघाली, आणि तिला त्याने आणखीच बरे वाटले.

तीन आठवड्यांनी पेट्रोल पंपावरच्या मुलीने कार्ड दोनदा घासले, तिसऱ्यांदा पुसून घासले आणि परत दिले. ती हळूच म्हणाली, "आजोबा, यात काही उरलेलंच नाही." तिथून दोघे तडक बँकेत गेले. मी चौकातल्या झाडाखाली तासभर उभी होते. दोघे परत आले तेव्हा ओविदियोचा चेहरा पांढराफटक पडला होता. किल्ली शोधायला त्याने काखेतला थर्मास माझ्या टपावर ठेवला आणि खिसे चाचपता चाचपता मध्येच थांबला.

"चार एसी," तो म्हणाला. "दोन टीव्ही. एक फ्रिज. दोन दारांचा. देल्मी, आपल्याकडे पंखा आहे."

देल्मीराने माझे पुढचे दार उघडले.

"आणि सगळं बारा हप्त्यांत. या देशात चोरालासुद्धा रोखीने परवडत नाही बघ."

तो हसला. मग ते हसू कुठेतरी अडकले आणि त्याने माझ्या टपाच्या कडेवर कपाळ टेकले. मला त्याच्या कपाळाचा गारवा जाणवला. दुपारचे बारा वाजले होते आणि पत्रा तापला होता, तरी त्याचे कपाळ गार होते.

"बँकेतली ती पोरगी म्हणाली ना, कोड दिल्याशिवाय हे होतच नाही," तो टपाशीच बोलू लागला. "ज्याने दिला त्याने लिहून द्यायचं. कोणाला दिला, कधी, किती वाजता, कुठल्या नंबरवरून फोन आला. आजपासून महिन्याच्या आत लिहून दिलं तर ते बघतील, नाहीतर भरायचं. मी काय लिहू? जत्रेत माश्यांना धूर द्यायचं यंत्र घेतलं तेव्हा तो तंबूवाला कार्ड घेऊन मागे गेला होता, तोच असणार. कोडसुद्धा त्याने मागितला असेल आणि मी दिला असेल. मला आठवत नाही, देल्मी. मला आजकाल काहीच आठवत नाही."

आता ती बोलेल, असे मला वाटले. दार उघडे होते आणि कप्पा हाताच्या अंतरावर होता. कागदावर वार, वेळ, नंबर सगळे होते.

देल्मीरा म्हणाली, "हजारदा सांगितलंय तुला, कार्ड हातातून सोडू नकोस म्हणून."

मित्रांनो, चोराने लुटले याचा धक्का होताच, पण तो तरी परका होता. हे ऐकले आणि माझे इंजिन बंद असूनही थरथरल्यासारखे झाले. जिने मला अंड्यांच्या टोपल्यांसकट पन्नास वर्षे वापरले, ती असे करू शकते हे माझ्या डोक्यातच शिरेना.

तेवढ्यात एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. स्वच्छ बूट, हातात टोपी. त्यांनी माझ्या चाकावर हात फिरवला.

"काय सांगता हिचं?"

"कशाचं?" ओविदियोने विचारले.

गृहस्थांनी टपावरच्या थर्मासकडे बोट दाखवले. "डबा नाही, पण थर्मास म्हणजे तेच ना?"

ते बेर्तोलामी होते, पाराना शहरातले, जुन्या गाड्या जमवणारे. त्यांनी जी किंमत सांगितली तिच्यात चार एसी, दोन टीव्ही आणि दोन दारांचा फ्रिज बरोबर बसत होता. ओविदियो थर्मासकडे बघत राहिला. विसरलो होतो, एवढेच म्हणायचे होते. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी घरी या."

घरी आल्यावर त्याने गोठ्यामागून तेलाचा डबा आणला, धुतला आणि माझ्या टपावर ठेवला. बेर्तोलामी आले नाहीत तर दुसरा कोणी तरी येईल म्हणून. डबा धुवायची काय गरज होती कोण जाणे. तो धूत बसला होता खरा.

पुढचे नऊ दिवस गाव येऊन माझ्याकडे बघून गेले. बेकरीवाली निल्दा पाव द्यायला आली आणि डब्याकडे बघून पाव तसाच हातात धरून उभी राहिली. "ही? हिला विकताय? अरे, ही गेली तर तू कशाखाली झोपणार दुपारचा?"

"माझी चूक, मी निस्तरतो," ओविदियो म्हणाला.

तो हे सगळ्यांना सांगत होता. न विचारताही सांगत होता. माझ्या खाली शिरून तेल बदलताना एकटाच पुटपुटत होता, मूर्खा, गाढवा, बापाची एक वस्तू होती तुझ्याकडे. विकायच्या गाडीचे तेल कोण बदलतो? आणि देल्मीरा टोचायची थांबली होती. त्याने चष्मा हरवला तरी तिने मुकाट्याने शोधून दिला. त्या घरात एवढी शांतता मी बाप गेला तेव्हाही ऐकली नव्हती.

दुपारी सगळे गाव झोपते. त्या वेळी ती दोनदा माझ्यात येऊन बसली. कप्पा उघडला, डबी उघडली, कागद वाचला, पुन्हा ठेवला. दुसऱ्यांदा ती रडली. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला. चाळीस वर्षे ज्याला वेंधळा म्हटले त्याला, चोराला आकडे आपणच वाचून दाखवले, हे कसे सांगायचे, एवढाच तिचा प्रश्न होता. पण त्या प्रश्नापायी मी पारानाला चालले होते.

रविवारी सकाळी बेर्तोलामी आले. माणूस वाईट नव्हता, पण हौशी होता. "रंग लाल करू. मागची सीट काढून टाकू. आणि हा वास... वासाचं करतो काहीतरी." त्यांनी डावीकडचे मागचे दार उघडून पाहिले आणि लावले. ते लागले नाही. त्यांनी आपटले. पुन्हा जोरात आपटले. ते दुखणे मला अजून आठवते.

"असं नाही," ओविदियो पुढे झाला. "दोन चापट्या. हलक्या." त्याने मारल्या आणि दार लागले. मग तो हात तिथेच ठेवून म्हणाला, "हे लक्षात ठेवा. बाकी काही नाही सांगायचं मला."

"ठेवीन, ठेवीन," बेर्तोलामी म्हणाले आणि पुढे बसून कप्प्याला हात घातला. "यात काय काय आहे?"

स्वयंपाकघराचे दार धाडकन उघडले. देल्मीरा चपला न घालता अंगणातून धावत आली.

"ते माझं आहे. हात काढा."

तिने डबी ओढून घेतली. कागद तिच्या मुठीत आला. मित्रांनो, तिला तो पदराआड, म्हणजे तिच्या एप्रनच्या खिशात टाकता आला असता. कोणाला काही कळले नसते. बेर्तोलामींनी चेक लिहिला असता, मी लाल झाले असते. तिने मूठ खिशापर्यंत नेलीही. मग तिने माझ्या त्या दाराकडे पाहिले. ओविदियोचा हात अजून तिथेच होता.

तिने कागद त्याच्यासमोर धरला.

ओविदियोने चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. त्याने कागद एकदा वाचला, उलटा करून झाकणांचे बिल वाचले, पुन्हा सुलटा केला.  बेर्तोलामींनी माझ्यातून पाय हळूच बाहेर काढले.

"एक किलो?" शेवटी ओविदियो म्हणाला. "निल्दाला तू पावशेर देतेस. तेही नाताळात."

"लुकड्या..."

"लुकड्या नको म्हणूस. नऊ दिवस, देल्मी. नऊ दिवस मी मला शिव्या घातल्या आणि तू आत भांडी घासत ऐकत होतीस. मला वाटलं माझं डोकं गेलं. मी डॉक्टरची वेळ घेतलीय, माहितेय तुला? आठवत नाही म्हणून."

हे तिला माहीत नव्हते. मलाही नव्हते. देल्मीरा मटकन माझ्या पायरीवर बसली.

"मला तुझ्यासमोर मूर्ख व्हायचं नव्हतं," ती म्हणाली. "बाकी जगासमोर चाललं असतं. तुझ्यासमोर नाही."

"मी तर रोजच होतो तुझ्यासमोर. मेलो का?"

ती उठली, घरात गेली आणि केरसुणी घेऊन आली. ती बुटकी आहे, टपापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. ओविदियोने मदत केली नाही. तिने टाचा उंचावून केरसुणीच्या दांड्याने डबा ढकलला, दोनदा हुकला, तिसऱ्यांदा तो गडगडत माझ्या बोनेटवर पडला आणि तिथे एक पोचा आला. तो पोचा मी कोणाला काढू देणार नाही.

बेर्तोलामींनी टोपी घातली. "म्हणजे आज नाही?"

"आज नाही," ओविदियो म्हणाला. "बँकेने नाही म्हटलं तर मी स्वतः फोन करीन. लाल मात्र करू नका हो."

सोमवारी दोघे बँकेत गेली.  देल्मीरा मागे बसली, आपणहून. अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहिला, वार, वेळ, नंबर, सगळे. एक किलो मधसुद्धा लिहिला, कारण खरे ते लिहा असे बँकेतल्या मुलीने सांगितले होते. बँकेने अर्ज घेतला आहे आणि उत्तर यायचे आहे. तोवर हप्ते थांबले आहेत. मी अजून ओविदियोची आहे, पण किती दिवस ते मला ठाऊक नाही. तो अजून तिच्याशी पुरता बोलत नाही. काल मात्र किल्ली हरवली तेव्हा तिने शोधली आणि म्हणाली, "खिशात होती, गाढवा." तो म्हणाला, "फाकुंदोला विचारायचं होतंस." मग दोघांनी माते घेतला, एकाच भोपळ्यातून.

मित्रांनो, तुम्हाला कोणी गोड आवाजात आकडे विचारील तेव्हा फोन ठेवून द्या, हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. मी जे पाहिले ते सांगते. त्या चोराला दोन गोष्टी लागत होत्या, तिचे आकडे आणि तिचे गप्प बसणे. आकडे मिळवायला त्याला पाच मिनिटे गोड बोलावे लागले. गप्प बसणे तिने त्याला तीन आठवडे आणि वर नऊ दिवस फुकट दिले, आणि त्याची किंमत घरातल्या सगळ्यांत भोळ्या माणसाने चुकवली. तुमच्या हातून असे काही झाले तर त्याच दिवशी घरात सांगा. हसतील, टोमणे मारतील, आयुष्यभर एक किलो मधाची आठवण काढतील. काढू द्या.

आणि कधी नोगोयाला आलात, टपावर थर्मास दिसला, तर किंमत विचारू नका. तो विसरलेला असतो. वाटले तर बसा माझ्यात, चौकापर्यंत सोडीन. उतरताना मागचे दार मात्र आपटू नका. दोन चापट्या पुरतात.